लोणा, थापी आणि घुंगरं: कोपरीतल्या वर्गात वाचलेल्या एका सूडकथेचं प्रकरण

सात उत्तरं तपासायला घेतली आणि तिसऱ्या उत्तरापाशी थांबले. तिघांचंही पहिलं वाक्य एकच होतं: ‘या कथेत लेखकाने उपरोध व प्रतीके यांचा प्रभावी वापर केला आहे.’ त्याखाली यादी. थापी हे मृत्यूचे प्रतीक. दारूचे पिंप हे मोहाचे प्रतीक. विदूषकाचा पोशाख हे मूर्खपणाचे प्रतीक. उरलेली चार उघडली, तीही तशीच. यादी माझीच होती. मागच्या रविवारी फळ्यावर मीच ती लिहून दिली होती आणि सगळ्यांनी ती मनापासून पाठ केली होती.

हे प्रकरण त्या सात उत्तरांचं आणि पुढच्या तीन रविवारांचं आहे. अनेक वर्षं शिकवत आलेली ही कथा त्या तीन रविवारांत मला नव्यानं वाचावी लागली, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

वर्ग भरतो ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत. नोकरी करून मराठी माध्यमातून बी.ए. करणारे सातजण. रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक सिस्टर, वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला असलेले दोघे भाऊ, कळव्याहून येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या ताई, एक रिक्षाचालक, नौपाड्यात वकिलाकडे टायपिंग करणारी मुलगी, आणि पन्नाशी ओलांडलेले एक गवंडी. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते.

कथा एडगर अॅलन पो याची, ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’. १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात ती पहिल्यांदा छापून आली. गोष्ट थोडक्यात सांगते. इटलीतलं एक शहर, कार्निव्हलचे दिवस. मॉन्ट्रेसॉर नावाच्या खानदानी माणसाचा फॉर्च्युनाटोवर राग आहे. फॉर्च्युनाटोला दारूची पारख असल्याची घमेंड आहे. अमाँटिलाडो नावाच्या दारूचं एक पिंप मिळालंय, खरं की खोटं ते सांग, असं म्हणून मॉन्ट्रेसॉर त्याला आपल्या घराखालच्या तळघरात नेतो. पूर्वजांची हाडं रचलेल्या त्या भुयारांत शेवटच्या कोनाड्यापाशी त्याला साखळीनं बांधतो आणि समोर भिंत बांधून जिवंत गाडतो. हे सगळं तो स्वतःच सांगतोय, पन्नास वर्षांनी.

आता त्या सात उत्तरांबद्दल. ‘उपरोध म्हणजे काय’ याखाली सहाजणांनी लिहिलं होतं: टोमणा. मी तिथे लाल रेघ मारली होती. ती मारायला नको होती. पुढे ज्या वाटेनं सगळं उलगडलं ती वाट याच शब्दातून जात होती, पण हे समजायला मला दोन रविवार लागले.

पहिला रविवार जुलैचा. धो धो पाऊस, लोकल रखडलेल्या, वर्गात चारच डोकी. मी ठरवलं, यादी बाजूला ठेवायची आणि कथा नुसती मोठ्यानं वाचायची. झेरॉक्सवरच्या भाषांतरात एक शब्द वारंवार येत होता, ‘सोरा’. तळघराच्या भिंतींवर सोरा चमकतोय, सोऱ्यानं तुला खोकला येतोय, सोरा वाढत चाललाय. दरवर्षी मी त्याला ‘एक रासायनिक क्षार’ असं म्हणून पुढे जायचे. त्या दिवशी मामांनी मला थांबवलं. उठले, माझ्या खुर्चीमागच्या भिंतीपाशी गेले आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर आलेला पांढरा कापसासारखा थर नखानं खरवडून तळहातावर घेऊन आले.

“मॅडम, हा लोणा ना?”

तोच. ओल जमिनीतून भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर फुटून राहतो. वरून रंग मारला की भिंत चांगली दिसते, आतली वीट मात्र भुगा होत जाते, हे मामांनी आम्हाला समजावलं. पांढरा भुगा तळहातावर तसाच होता. मग कथेत परत गेलो. दोघं नदीच्या पात्राखाली आलेत, पाण्याचे थेंब हाडांवर ठिबकताहेत आणि लोणा छतावरून शेवाळासारखा लोंबतोय. चारही जणांच्या डोळ्यांसमोर ते तळघर उभं राहिलं. ‘सोरा हे मृत्यूचे प्रतीक’ हे वाक्य त्यानंतर कुणी उच्चारलं नाही. गरजच उरली नाही.

लोणा कथेत काय करतो ते बघा. मॉन्ट्रेसॉर सारखा म्हणतो, परत जाऊया, तुझी तब्येत बिघडेल, तू मोठा माणूस, तुझी आठवण काढणारे खूप आहेत. फॉर्च्युनाटो खोकत खोकत सांगतो, खोकल्यानं मी काही मरत नाही. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, खरंय, खरंय. ही जागा वाचताना सिस्टर एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “खोटं बोलतच नाहीये हा.” आणि ते बरोबर आहे. तो जवळजवळ प्रत्येक वेळी अक्षरशः खरं बोलतो. ऐकणारा मात्र त्यातून भलताच अर्थ काढतो.

दुसऱ्या रविवारी सगळे हजर होते. रिक्षावाले दादा पाऊण तास उशिरा आले तेव्हा पॅकिंगवाल्या धाकट्या भावानं आवाज दिला, “या या, किती लवकर आलात!” सगळे हसले, दादाही हसले. मी तिथेच खडू उचलला. लवकर आलात, म्हणजे उशिरा आलात. बोललं एक, अर्थ उलटा, आणि ज्याला बोललं त्यालाही तो कळला. हा टोमणा. मग मॉन्ट्रेसॉरचा प्याला घेतला. तळघरात फॉर्च्युनाटो म्हणतो, इथे आजूबाजूला पुरलेल्यांच्या नावानं पितो. मॉन्ट्रेसॉर उत्तर देतो, आणि मी तुझ्या दीर्घायुष्यासाठी. बोललं एक, अर्थ उलटा. पण ज्याला बोललं त्याला?

शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, “त्याला कळलं तर डाव फसेल की.”

इथे मला काव्यप्रकाशातला एक श्लोक आठवला. मम्मटानं अकराव्या शतकात लिहिलेला काव्यशास्त्रावरचा तो ग्रंथ संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडा तरी येतो. ‘उपकृतं बहु तत्र किमुच्यते’ अशी त्याची सुरुवात आहे. ज्यानं घात केला त्यालाच उद्देशून कुणी म्हणतंय: फार उपकार केलेत, काय बोलावं! तुमची सज्जनता तुम्ही चांगलीच दाखवून दिलीत. मित्रा, नेहमी असंच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखानं जग. मम्मटानं हे अशा ध्वनीचं, म्हणजे शब्दांतून सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून दिलंय, ज्यात शब्दांचा सरळ अर्थ पार टाकूनच द्यावा लागतो. ‘मित्रा’ आणि ‘शंभर वर्षं जग’: मॉन्ट्रेसॉरचा प्याला आणि हा श्लोक शब्दाला शब्द जुळतात. पण श्लोकातला माणूस तोंडावर बोलतो. समोरच्याला लागावं म्हणूनच बोलतो. त्याचा उपरोध पोचतो. मॉन्ट्रेसॉरचा पोचत नाही, आणि पोचू नये याचीच तो काळजी घेतो.

मी मारलेल्या सहा लाल रेघा मला तिथे आठवल्या. टोमणा हा उपरोधच, पण पोचणारा उपरोध. या कथेचं सगळं मर्म टोमणा आणि प्याला यांच्यामधल्या त्या फरकात आहे. ते पुढे सांगते.

त्या दिवशी उपरोधाच्या बाकीच्या जागा भराभर सापडत गेल्या. फॉर्च्युनाटो म्हणजे भाग्यवान. त्यावर ताई लगेच म्हणाल्या, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फॉर्च्युनाटो लुकेसी नावाच्या दुसऱ्या पारख्याला नावं ठेवतो, की त्याला अमाँटिलाडो आणि शेरी यांतला फरक कळत नाही. अमाँटिलाडो ही शेरी या दारूचीच एक जात आहे. हापूस आणि आंबा यांतला फरक कळत नाही म्हणून दुसऱ्याला हसावं, तसं हे. घरचे नोकर सुट्टी मारून बाहेर पडावेत यासाठी मॉन्ट्रेसॉरनं त्यांना बजावलेलं असतं, मी सकाळपर्यंत येणार नाही, घर सोडून हलू नका. रिक्षावाल्या दादांना ही जागा सगळ्यात आवडली.

कुळाच्या चिन्हापाशी मात्र अर्धा तास गेला. निळ्या पार्श्वभूमीवर माणसाचं प्रचंड सोनेरी पाऊल. पाऊल सापाला चिरडतंय आणि सापाचे दात टाचेत रुतलेत. खाली लॅटिन ब्रीद, त्याचा अर्थ: मला डिवचून कुणी सुटत नाही. माझ्या यादीत होतं, ‘पाऊल म्हणजे मॉन्ट्रेसॉर’. पण थोरला भाऊ म्हणाला, साप म्हणजे मॉन्ट्रेसॉर, कारण डूख सापच धरतो. आपल्याकडे मनात राग धरून बसण्याला शब्दच सापाचा आहे. ब्रीदही सापाच्याच तोंडी शोभतं. धाकटा म्हणाला, मग साप चिरडला जातोय त्याचं काय? पाय वाचत नाही, सापही वाचत नाही, आणि हे मॉन्ट्रेसॉर स्वतःच्या कुळाची शान म्हणून अभिमानानं सांगतो. ते चित्र भिंतीवर टांगून वाढलेल्या माणसाला त्यात दोघांचा नाश आहे हे दिसलं नसेल? मला वाटतं, दिसलं नसावं. कथेतला हा सगळ्यात खोल विपर्यास असं माझं मत आहे, आणि तो थोरल्यानं ‘डूख’ या एका शब्दानं उघडला.

तिसरा रविवार मामांचा. फॉर्च्युनाटो बाटलीनं एक खूण करतो, मॉन्ट्रेसॉरला ती कळत नाही. मग तो विचारतो, तू मेसन नाहीस का? त्याला अभिप्रेत आहे फ्रीमेसन, एका गुप्त बंधुसंघाचा सभासद. पण इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडीही. मॉन्ट्रेसॉर हो म्हणतो आणि झग्याखालून थापी काढून दाखवतो. फॉर्च्युनाटोला ती थट्टा वाटते. मराठीत हा श्लेष मरतो, हे मी वर्गाला सांगत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, “मेला तरी चालेल. मला भिंत बघू द्या.”

ते वहीत आकडेमोड करून आले होते. कोनाडा चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा ते सात फूट उंच. भिंतीचे थर अकरा. उंची साडेसहा फूट धरली तर ७८ इंच, म्हणजे एक थर साधारण सात इंचांचा. सातव्या थराला भिंत ४९ इंच, चार फुटांच्या जरा वर. कथेत लिहिलंय, सातवा थर झाला तेव्हा भिंत जवळजवळ छातीला आली. “लिहिणाऱ्यानं गवंडी बघितलेला आहे,” मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर मला अजून आठवतो.

मग माल. दगड आणि माल हाडांच्या ढिगाखाली तयार सापडतो. १८४६ सालची कथा, तेव्हा चुन्याचा माल असणार. सिमेंटचा माल दोन-तीन तासांत वापरावा लागतो. चुन्याचा ओला करून झाकून ठेवला तर टिकतो, पण तो आधी कुणीतरी कालवून ठेवलेला पाहिजे. म्हणजे रस्त्यात फॉर्च्युनाटो अचानक भेटला, मी लुकेसीकडेच निघालो होतो, हे सगळं खोटं. माल आधीच कालवून ठेवला होता. आणि साखळी का? कारण ओली भिंत त्या रात्री एका धक्क्यात पडते. चुना पकडायला दिवस लागतात. “हा माणूस गवंडी नाही,” मामांनी निकाल दिला, “पण भिंतीला किती दिवस लागतात ते याला माहीत आहे, म्हणून आधी साखळी घातली.”

माझ्या यादीतलं थापीचं ‘मृत्यूचे प्रतीक’ मला तिथे फार पोकळ वाटलं. थापी जोडायचं हत्यार. मामा रोज ती हातात धरून लोकांना घरं बांधून देतात. तीच थापी इथे एका माणसाला जगापासून तोडते, आणि बंधुत्वाची खूण म्हणून ती दाखवली जाते. हे प्रतीक आहेच. पण हातात थापी धरलेल्या माणसाकडून ऐकल्यावर ते प्रतीक झालं.

नंतर मामा जे बोलले ते त्यांच्या परवानगीनं लिहिते. त्यांचे तीन महिन्यांचे पैसे एका ठेकेदारानं अडकवून ठेवलेत. कथेच्या पहिल्या वाक्यात मॉन्ट्रेसॉर म्हणतो, त्याच्या हजार जखमा मी सोसल्या, पण त्यानं अपमान केला तेव्हा सूडाची शपथ घेतली. वर्षानुवर्षं विद्यार्थी मला विचारत आलेत, अपमान कोणता ते सांगितलंच नाही, ही कथेतली चूक नाही का? मामांनी ते विचारलं नाही. ते म्हणाले, “पैसे बुडाले ते सोसलं. पण हाताखालच्या पोरांसमोर तो मला म्हणाला, थापी धरता येते का तुला. ते लागलं.” थोडं थांबून म्हणाले, “त्याचं वाईट व्हावं असं वाटतं मला. पण का झालं, ते त्याला कळलं पाहिजे.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी पहिलं पान काढून त्याच पहिल्या परिच्छेदाचा शेवट वाचून दाखवला. तिथे मॉन्ट्रेसॉरनं स्वतःच सूडाच्या दोन अटी घातल्यात. एक, सूड घेणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. दोन, ज्याच्यावर सूड घेतला त्याला तो कुणी आणि कशासाठी घेतला हे जाणवलं पाहिजे. मामांचं वाक्य म्हणजे ही दुसरी अट.

आता प्याल्याकडे परत या. तळघरभर मॉन्ट्रेसॉर दुहेरी बोलतो आणि त्या बोलण्याची त्याला चटक लागलेली दिसते. पण त्याचा उपरोध पोचणारा नाही. साखळी अडकवल्यावर तरी तो सांगेल, की बाबा रे, तू अमुक केलंस म्हणून हे. नाही सांगत. तेव्हाही तो म्हणतो, भिंतीवर हात फिरव, लोणा लागेल, फार ओल आहे. पुन्हा एकदा विनंती करतो, परत चल. शेवटच्या दगडापाशी फॉर्च्युनाटो हसून म्हणतो, छान थट्टा केलीस, घरी जाऊन खूप हसू. मग देवाच्या नावानं विनवतो. मॉन्ट्रेसॉर तेच शब्द परत करतो: हो, देवाच्या नावानं. कारण सांगायची ती शेवटची संधी, आणि तिथेही त्याच्या तोंडून समोरच्याचेच शब्द उलटे होऊन येतात. श्लोकातल्या माणसानं तोंडावर सांगितलं. मामांनाही तोंडावर सांगायचंय. मॉन्ट्रेसॉरला ते जमतच नाही. ज्या उपरोधानं त्यानं सावज आत आणलं त्यानंच त्याची दुसरी अट मोडली.

सिस्टरनं हरकत घेतली. साखळी घातल्यावर फॉर्च्युनाटोची नशा उतरते, मग त्याला कळलंच असणार. टायपिंगवाली मुलगी म्हणाली, कोण मारतंय ते कळलं, का ते कुठे कळलं? सिस्टर मानली नाही, आणि तिचा मुद्दा मी खोडला नाही. फॉर्च्युनाटो शेवटी गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्यात कळणंही असू शकतं.

ती जागा मी सावकाश वाचली. मॉन्ट्रेसॉर हाक मारतो. उत्तर नाही. परत हाक मारतो. फटीतून मशाल आत टाकतो. आतून फक्त घुंगरांचा आवाज येतो. कार्निव्हल म्हणजे आपल्या शिमग्यासारखेच सोंगांचे दिवस, आणि फॉर्च्युनाटो विदूषकाचं सोंग घेऊन, टोपीला घुंगरं लावून आलेला. सगळ्या वाटेवर ती घुंगरं वाजत आलीत आणि आपण ती मजेची म्हणून ऐकलीत. उत्तर हवं असलेल्या माणसाला शेवटी तेवढंच मिळतं.

लगेच पुढचं वाक्य: माझ्या काळजात कसंतरी झालं, तळघरातल्या ओलीमुळे.

मी कुणाकडे बघितलं नाही, पण सगळे माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. कथाभर ओल आणि लोणा फॉर्च्युनाटोच्या छातीला बाधत होते, आणि मॉन्ट्रेसॉर त्याला ते पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी तीच ओल त्याच्या स्वतःच्या काळजाशी येते आणि तो ती सबब म्हणून पुढे करतो. पन्नास वर्षांनीही सबब तीच. पहिल्या अटीबद्दल मुलीनं तिच्या कामातला शब्द वापरला: “मॅडम, हा जबाब आहे. समोर कुणीतरी आहे.” कथेच्या सुरुवातीला तो म्हणतोच, माझा स्वभाव चांगला ओळखणाऱ्या तुला. त्याला शिक्षा झाली नाही. तरी तो थरांची संख्या, कोनाड्याची मापं, कुठे थांबलो, कुठे हाडांवर बसून ऐकत राहिलो, सगळं सांगतोय.

महिनाअखेरीस तोच प्रश्न परत लिहायला दिला. यादी कुणीच लिहिली नाही. एकदोघांनी भलतीच वाट धरली. रिक्षावाल्या दादांनी तीन पानं फक्त नोकरांवर लिहिली, तिथे मला गुण कापावे लागले. मामांनी दीड पान लिहिलं, सातव्या ते अकराव्या थरापर्यंत, कडेला भिंतीची छोटी आकृती. उत्तरात ‘प्रतीक’ हा शब्द नव्हता. परीक्षेत तो शब्द लागेल, म्हणून मी समासात लिहून दिला आणि कुठे घालायचा तिथे बाण काढला.

एका जागेवर मात्र एकमत झालं नाही. कथेचं शेवटचं वाक्य लॅटिन आहे, मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं: त्याला शांती लाभो. सिस्टरनं लिहिलं, हे फॉर्च्युनाटोसाठी. मामांनी लिहिलं, हा स्वतःसाठी मागतोय. टायपिंगवाल्या मुलीनं आधी पहिलं लिहिलं होतं, मग ते खोडून खाली दुसरं लिहिलं होतं. खोडताना तिनं रेघ इतकी हलकी मारली होती की खालचं वाक्य सहज वाचता येत होतं. मी दोन्हींना गुण दिले.